शेतकऱ्याच्या मुलाचा फावला वेळ

सायंकाळी पाचच्या सुमारास शाळा सुटते. दप्तर ओसरीवर पडते, भाकरीचा तुकडा तोंडात जातो आणि नववी-दहावीतला मुलगा घराबाहेर पडतो. तेथून दिवेलागणीपर्यंतचे दोन तास तो कोठे असतो व काय करतो, हे बहुतेक घरांत कोणालाही नेमके ठाऊक नसते. गावात शिरणाऱ्या पाहुण्याला मात्र ते लगेच दिसते. पारावर चार-पाच मुले एकाच मोबाइलमध्ये माना घालून बसलेली असतात. त्यांच्यापैकी एकाच्या हाती यंत्र असते. बाकीचे नुसते पाहत असतात. दिवाळीची सुटी आणि उन्हाळ्यातील दीड महिना यांची भर घातली, तर या वयातील मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी शेकडो तास मोकळे येतात.

या तासांविषयी वडीलधाऱ्यांची दोन ठाम मते आढळतात. पहिले असे की, मुलगा रिकामा हिंडतो म्हणून बिघडतो. दुसरे असे की, त्याला शेतात कामाला लावले म्हणजे तो आपोआप सुधारतो. पहिल्या मतात तथ्य थोडे आहे. दुसऱ्याने मात्र पुष्कळ घरांत उलटाच परिणाम केला आहे. वैरण कापणे, गुरांना पाणी दाखवणे, दारे धरणे ही कामे शेतकऱ्याच्या मुलाने करावीत यात वाद नाही. तो घराचा घटक आहे आणि घराचा भार त्यानेही उचलला पाहिजे. परंतु दुसऱ्याने नेमून दिलेले, दुसऱ्याच्या हिशेबातले आणि चुकले तर बोलणी खावी लागणारे काम हा फावल्या वेळाचा विरंगुळा होऊ शकत नाही. दहावीनंतर शेतीचे नाव काढताच तोंड फिरवणारा मुलगा बहुधा शेतीला कंटाळलेला नसतो. शेतीत स्वतःच्या बुद्धीने एकही गोष्ट करावयास न मिळाल्यामुळे तो कंटाळलेला असतो. हा भेद ज्या घरात ओळखला जातो, तेथे पुढील सूचनांचा उपयोग होईल.

एक गुंठा, पण स्वतःचा

तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. विहिरीजवळचा किंवा घरामागचा, सांडपाणी पोहोचेल असा एवढा तुकडा मुलाच्या नावाने तोडून द्यावा. कागदोपत्री नव्हे, तर शब्दाने. पण तो शब्द पाळावा. त्यात काय पेरावयाचे हे मुलगा ठरवील. बियाणे तो निवडील. पीक बुडाले तर ते त्याचे बुडाले आणि विकले तर पैसेही त्याचेच.

यातील शेवटची अट बापाला सर्वांत जड जाते. मुलाने मेथीच्या जुड्या बाजारात नेल्या, दोनशे-तीनशे रुपये आणले, आणि नेमके त्याच आठवड्यात घरात तेलाचा डबा संपलेला असला, म्हणजे ते पैसे सहज घरखर्चात जातात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. तथापि पुढच्या हंगामात तो गुंठा ओसाड का पडला, याचे कारण मग दुसरीकडे शोधू नये. घराला गरज असेल तर मुलाकडून पैसे उसने घ्यावेत आणि परत करावेत. बापाने मुलाकडून उसने घेणे विचित्र दिसेल खरे. पण त्या एका व्यवहाराने मुलाला जे कळते, ते हिशेबाच्या दहा धड्यांनी कळत नाही.

समजा, एका मुलाने पहिल्याच वर्षी सगळ्या वाफ्यांत एकाच दिवशी मेथी टाकली. महिनाभरात ती सगळी एकदम काढणीला आली. घरच्यांनी खाऊन, शेजारी वाटून उरलेली बाजारात नेली, तर तेथेही त्या दिवशी मेथीचे ढीग. अर्धी भाजी परत आणून गुरांपुढे टाकावी लागली. अनुभवी शेतकऱ्याला हे आधीच दिसत असते आणि त्याची जीभ वळवळत असते. त्याने या वेळी गप्प राहावे. दुसऱ्या खेपेस तोच मुलगा दर आठवड्याला एकेक वाफा टाकील, एखाद्या वाफ्यात मुळा आणि कडेने कोथिंबीर घेईल. विचारल्यावर मात्र मोकळेपणाने सांगावे. न विचारता दिलेला सल्ला पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानात शिरत नाही, हे ज्याला आपले पंधरावे वर्ष आठवते त्याला सांगावयास नको.

जमीन नसलेल्या घरातील मुलाचे काय, असा प्रश्न येथे योग्य आहे. त्याच्यासाठी शाळेची परसबाग किंवा शेजाऱ्याचा पडीक कोपरा मिळवून देणे, हे गावच्या कार्यकर्त्याचे काम होय. पुढील दोन उद्योगांना तर स्वतःची जमीन लागतच नाही.

पावसाची वही

पाऊस किती झाला, असे खेड्यात विचारले तर उत्तर येते, ‘बरा झाला’, ‘नांगरट भिजली’, ‘ओढा वाहिला’. ही मापे निरर्थक नाहीत, पण ती लिहून ठेवता येत नाहीत आणि पुढच्या वर्षाशी ताडून पाहता येत नाहीत. शासनाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत. एका मंडळात अनेक गावे येतात, आणि ओढ्याच्या अलीकडे झोडपून पलीकडे कोरडे ठेवण्याची पावसाची सवय तर प्रसिद्धच आहे. आपल्या शिवारात किती पडला हे सांगणारी नोंद म्हणूनच गावाला हवी असते. ती ठेवण्यास चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाइतका योग्य माणूस नाही.

साधन घरी होते. सरळ बाजूंची, मोठ्या आकाराची प्लास्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा त्याच बाटलीच्या तोंडात बसवावा. तळ सपाट नसतो, म्हणून आत खडे घालून बाजू जेथे सरळ सुरू होते तेथपर्यंत पाणी भरावे व त्या ठिकाणी शून्याची खूण करावी. खुणेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून विटांत घट्ट बसवावी. जागा उघडी असावी. झाड किंवा भिंत जवळ असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मोजणी करावी, आकडा वहीत लिहावा आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणून ठेवावे. उन्हाने पाणी खुणेखाली गेले असेल तर तेवढे भरावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावयाचे आहे. रकाना कोरा सोडावयाचा नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ पुढे कोणालाही लावता येत नाही.

आकडे जमू लागले की गणित सुरू होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. तेव्हा 25 मिलिमीटरची एक सर एका एकरावर एक लाख लिटरहून थोडे अधिक पाणी टाकून जाते. यातले किती मुरले आणि किती बांध फोडून गेले, हा प्रश्न मग मुलगा आपणच विचारू लागतो. त्याने दर पौर्णिमेस गाठी मारलेला दोर कठड्यावरून सोडून, मोठ्या माणसाच्या देखत, विहिरीची पाणीपातळीही मोजावी आणि त्याच वहीत लिहावी. पाऊस आणि विहीर यांच्यामध्ये किती दिवसांचे अंतर पडते, हे दोन वर्षांत दिसू लागते.

या वहीचा आणखी एक उपयोग गमतीचा आहे, पण तो कमी लेखू नये. घरातील आजोबांचा पाऊस नक्षत्रांवर चालतो. 7 किंवा 8 जूनला मृग निघते, पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे करीत हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राचे तेरा-चौदा दिवस येतात. आणि पंचांगात प्रत्येकाचे वाहन दिलेले असते, बेडूक असेल तर भरपूर पाऊस आणि असेच पुढे. मुलाने रोजच्या आकड्यांची बेरीज महिन्यांप्रमाणे करावी तशीच नक्षत्रांप्रमाणेही करावी. कोणत्या वाहनाने किती पाणी आणले हे मग आजोबा आणि नातू समोरासमोर बसून पाहू शकतात. आजोबा क्वचित हरतील, क्वचित जिंकतील. परंतु ज्या नातवाला त्यांच्याशी बोलावयास विषय उरला नव्हता, तो रोज सकाळी आकडा सांगण्यासाठी त्यांच्या खाटेशी येईल.

बांधावरची बोर

कोरडवाहू गावाच्या बांधांवर, ओढ्याच्या काठाने, गायरानात रानबोरी आपोआप वाढलेल्या असतात. काटे टोचतात म्हणून कोणी तिकडे फिरकत नाही. या बोरीची मुळे खोल गेलेली असतात. दुष्काळात ती मरत नाही. अशा तयार खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरला, तर रोप विकत घेण्याचा, खड्डा खणण्याचा आणि पाणी घालण्याचा बराचसा खटाटोप वाचतो. उमराण, कडाका यांसारख्या जातींची बाग जवळपास असेल तेथून डोळकाड्या मिळतात. खानदेशात मेहरुणची बोर प्रसिद्धच आहे. बांध कोणाचा आहे, झाड कोणाचे आहे हे आधी विचारून घ्यावे, हे सांगणे न लगे.

उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास, रानबोर जमिनीलगत छाटावी. वळवाच्या किंवा मृगाच्या पावसाने तिला जोमदार धुमारे फुटतात. त्यांतील एक-दोन सरळ धुमारे ठेवून बाकीचे काढून टाकावेत. जुलैच्या सुमारास ठेवलेला धुमारा पेन्सिलीएवढा जाड होतो आणि त्याची साल लाकडापासून सहज सुटू लागते. डोळा भरण्याची हीच वेळ. जमिनीपासून वीतभर उंचीवर, धारदार व स्वच्छ चाकूने सालीवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा काप घ्यावा. डोळकाडीवरील फुगलेला पण न फुटलेला डोळा इंचभर सालीसह ढालीच्या आकारात काढावा, कापाच्या ओठांत हलकेच सरकवावा आणि डोळा उघडा ठेवून वर-खाली प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी. काढलेला डोळा वाळू देऊ नये आणि त्याच्या आतल्या ओल्या बाजूस बोट लावू नये. पहिल्या दहांपैकी सात-आठ वाया गेले तरी त्यात लाज नाही. चांगल्या माळ्याचाही हात असाच बसलेला असतो.

तीन-चार आठवड्यांत डोळा हिरवा राहिला तर तो जगला. मग वरचा शेंडा टप्प्याटप्प्याने कापावा, म्हणजे सगळा रस डोळ्याकडे वळतो. भरलेल्या डोळ्याच्या खालून रानटी फुटवे पुन्हा पुन्हा येतात. ते दर आठवड्याला काढावे लागतात. मुले येथेच फसतात. भरण्याच्या दिवशी उत्साह असतो, फुटवे काढण्याचा कंटाळा येतो, आणि पुढच्या वर्षी झाडावर रानबोरच डोलत असते. दुसऱ्या हिवाळ्यात थोडी फळे दिसतात, तिसऱ्यात घरी पुरून वाटता येतील एवढी. बोरीला नव्या फुटीवरच फळ येत असल्याने दरवर्षी उन्हाळ्यात छाटणी करावयाची असते, हे ज्याने स्वतः झाड केले त्याला विसरता येत नाही.

कोकणातल्या मुलांनी बोरीऐवजी आंब्याच्या कोय कलमाकडे वळावे. पावसाळ्यात उगवलेले, तांबूस पानांचे पंधरा दिवसांच्या आतले रोप आणि त्याच जाडीची काडी एवढे असले की कलम बांधता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात हे काम पाहून शिकणे अवघड नाही.

पाच मिनिटे ऐकून घेणारा माणूस

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा जन्म 1896 सालचा. लहानपणी मुंबईत त्यांचा फावला वेळ छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्यात जात असे. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे घरात कोणाला सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी त्या पोराला परत धाडले नाही. पक्षी ओळखून सांगितला, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. आजच्या काळात पाखरू मारणे हा छंद होऊ शकत नाही आणि कायद्यालाही ते मान्य नाही. पण मुलाच्या हातातील वस्तू पाहून ‘हे काय आणलेस, फेक तिकडे’ असे म्हणावयाचे, की थांबून पाहावयाचे, हा प्रश्न तेव्हाइतकाच आजचा आहे.

मोबाइलविषयीही हेच. तो हिसकावून घेतल्याने मुलगा दुसऱ्याचा मोबाइल पाहू लागतो. त्यापेक्षा त्याला त्या यंत्रासाठी खरे काम द्यावे. बोरीच्या डोळ्याचे आठवड्याला एक छायाचित्र घ्यावे. पिकावर पडलेल्या किडीचे छायाचित्र कृषी कार्यालयात दाखवावयास आणावे. 2021 पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची नोंद कित्येक घरांत मुलेच करून देतात. सातबारा वाचून वडिलांना समजावून देणारा मुलगा त्या यंत्राचा गुलाम आहे असे म्हणता येणार नाही.

खेळाला आणि वाचनाला येथे जागा थोडी मिळाली असली तरी ती गौण नव्हेत. कबड्डी आणि खो-खो यांना मैदान व मुले याखेरीज फारसे काही लागत नाही. महाबळेश्वरजवळचे भिलार हे गाव 2017 साली पुस्तकांचे गाव झाले, त्याची एक सहल शाळेने अवश्य काढावी. सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवण्याची पुष्कळ मुलांना हौस असते. पुण्यात 1962 पासून मधमाश्यांविषयी संशोधन व प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे, आणि शिक्षणाशिवाय पेटी आणू नये.

मुलींचा फावला वेळ

आतापर्यंत ‘मुलगा’ हा शब्द आला, तो सवयीने आला. आणि ती सवयच या विषयातील मोठी अडचण आहे. शाळेतून परतलेली मुलगी पारावर बसलेली दिसत नाही, कारण तिला बसावयास वेळ नसतो. पाणी, भांडी, धाकटे भावंड, चूल आणि मग उरल्यास अभ्यास. तिला छंद लावा असे सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवण्यासारखे आहे. तेव्हा पहिली पायरी छंदाची नव्हे, तर एक तास मोकळा करण्याची होय. पाण्याची एक खेप भावाने आणावी. भांडी आळीपाळीने घासावीत. यात भावाचे पौरुष कमी होत नाही. झालाच तर त्याला घागरीचे वजन कळते.

असा तास मिळाला की वर सांगितलेल्या एकाही गोष्टीत मुलगी मागे राहणार नाही. डोळा भरण्यास लागणारी हलकी बोटे आणि रोज न चुकता नोंद करण्याची चिकाटी तिच्यात बहुधा अधिक असते. पावसाची बाटली अंगणात असल्याने तिला लांब जावयासही नको. गुंठा मात्र तिलाही तिच्याच शब्दावर द्यावा. ‘ती परक्या घरची’ या विचाराने तिला काही सोपवले जात नाही आणि काहीच सोपवले नाही म्हणून लवकर उजवून टाकण्याची घाई होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. या मुलींच्या फावल्या वेळाचा प्रश्न पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कायमचा मिटवून टाकण्यात आला होता.

कार्यकर्त्यांसाठी थोडे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने आरंभीच मंडळ, अध्यक्ष आणि फलक यांच्या मागे लागू नये. फलक रंगतो आणि मुले पांगतात, असा अनुभव कोठेही सापडेल. दोन-तीन मुलामुलींना हाताशी धरून एक पर्जन्यमापक आणि दोन बोरी एवढ्यावर काम सुरू करावे. हाताने करीत करीत शिकण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1937 साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीम मांडली. आणि 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढून, शेती, कर्मशाळा आणि घर यांतील प्रत्यक्ष कामांतून खेड्यातील मुले विज्ञान शिकू शकतात हे दाखवून दिले. शक्य असेल तर तेथे मुलांना नेऊन आणावे.

काही मर्यादा कटाक्षाने पाळाव्यात. औषध फवारणी, औषध कालवणे, रिकामे डबे धुणे यांपैकी कशालाही मुलांचा हात लागता कामा नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती मोठी माणसे होती. मळणी यंत्र, ट्रॅक्टर आणि कठडा नसलेली विहीर यांपासूनही मुलांना दूर ठेवावे. 2016 मध्ये सुधारलेल्या बालकामगार कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या कामात मदत करणे हे शाळेची वेळ सोडून व धोका नसलेल्या कामापुरतेच मान्य आहे, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. छंदाच्या नावाखाली शाळा बुडत असेल तर गुंठा, बोर आणि वही तिन्ही काही दिवस बाजूला ठेवावीत.

गावाच्या प्रत्येक फेरीत कार्यकर्त्याने त्या घरी पाच मिनिटे थांबावे, वही मागून घ्यावी आणि शेवटचे पान खरोखर वाचावे. मुले प्रश्न विचारतील. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून पुढच्या फेरीत ते आणून द्यावे. बोरीची छाटणी मेअखेरपर्यंत उरकली पाहिजे, आणि बाटली मृग निघण्यापूर्वी अंगणात बसली पाहिजे. तेव्हा ज्या गावी हे करावयाचे आहे तेथील पहिली फेरी उन्हाळ्याची सुटी लागताच व्हावी.